डिस्क, ड्राइव्ह आणि कन्सोलचे दार: प्लेस्टेशन २ च्या गेमची प्रत ठेवण्यावरून एक संवाद

प्लेस्टेशन २ ची गेम डिस्क संगणकाच्या साध्या डीव्हीडी रायटरमध्ये घातली की वाचली जाते. तिच्यावरच्या फायली दिसतात, आणि पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळी डिस्क एकाच आयएसओ फाइलमध्ये उतरवून घेता येते. तीच फाइल कोऱ्या डीव्हीडीवर लिहून कन्सोलमध्ये घातली, तर मात्र कन्सोल ती नाकारतो. कारखान्यात छापलेल्या डिस्कच्या आतल्या कड्यात काही खुणा असतात. बाजारातल्या रायटरला त्या लिहिता येत नाहीत आणि त्या सापडल्याशिवाय कन्सोल गेम सुरू करत नाही. म्हणजे सोनीने २००० साली बाजारात आणलेल्या या यंत्राचे कुलूप डिस्कवरच्या माहितीला नाही, ते यंत्राच्या दाराला आहे. गेमची प्रत एक्सटर्नल हार्ड ड्राइव्हवर ठेवावी का, ती कुणाची आणि ती चालवावी कशावर, या सगळ्या वादाचे मूळ या रचनेत आहे.

वादाच्या एका बाजूला जुने कन्सोल दुरुस्त करणारा तंत्रज्ञ उभा करता येतो. त्याच्या टेबलावर बंद पडलेली यंत्रे येतात आणि गेम चालत राहिला पाहिजे, हा त्याचा आग्रह असतो. दुसऱ्या बाजूला ग्रंथपाल. मूळ वस्तू जपणे आणि तिच्या प्रतीवर कुणाचा किती हक्क आहे हे पाहणे, हे तिचे काम. गेम टिकले पाहिजेत याबद्दल दोघांत दुमत नाही. मतभेद आहे तो ते कशात टिकतील आणि कुणाच्या परवानगीने, याबद्दल.

तंत्रज्ञ: डिस्क जपा म्हणून सांगणे सोपे आहे, मॅडम. पण ती वाचणार कोण? प्लेस्टेशन २ चे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला जगभर थांबले. आता दुरुस्तीला येणाऱ्या कन्सोलची नेहमीची तक्रार म्हणजे ‘डिस्क रीड एरर’. लेन्स थकलेली असते, ती ज्या रुळावर सरकते त्याचे ग्रीस सुकलेले असते. बदली लेन्स मिळते, पण ती दुसऱ्या मोडक्या कन्सोलमधून काढलेली किंवा नक्कल. गेम हार्ड ड्राइव्हवरून चालवला तर लेन्सला काम पडत नाही आणि डिस्क डबीतच राहते.

ग्रंथपाल: लेन्स वाचवण्यासाठी ड्राइव्ह वापरायला माझी हरकत नाही. ड्राइव्हला तिजोरी समजण्याला आहे. छापील डीव्हीडीत माहिती म्हणजे प्लास्टिकमध्ये दाबलेले सूक्ष्म खड्डे. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि खड्ड्यांचा थर मधोमध असतो. तिच्यात हलणारा भाग एकही नाही. कोरड्या जागी उभी ठेवलेली चांगली डिस्क काही दशके वाचता येते. हार्ड ड्राइव्हमध्ये तबकड्या मिनिटाला हजारो फेरे फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. रोज वापरला तर तो काही वर्षांनी बदलावाच लागतो. एक टीबीच्या ड्राइव्हवर साध्या डीव्हीडीचे दोनशेच्या वर गेम मावतात, म्हणजे तो टेबलावरून पडला की दोनशे गेम एकदम गेले. डिस्क खराब होते ती एकेक करून होते.

तंत्रज्ञ: सगळ्याच डिस्क डीव्हीडी नाहीत. सुरुवातीच्या काळातले कितीतरी गेम निळसर तळाच्या सीडीवर आले. सीडीत माहितीचा थर मधोमध नसतो, तो वरच्या छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. त्या बाजूने खरवडले तर माहितीच निघून जाते. खालचा ओरखडा घासून काढता येतो, वरचा नाही. आणि आपल्याकडची हवा? मुंबईत, कोकणात, गोव्यात चार महिने घरात ओल असते. लेपाच्या कडेने ती आत शिरली की चकाकणारा अॅल्युमिनियमचा थर काळवंडू लागतो. अशी डिस्क पुढच्या वर्षी वाचता येईलच याची खात्री देता येत नाही.

इथे दोघेही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बरोबर आहेत. छापील डिस्क हे जास्त टिकाऊ माध्यम आहे, पण तिचा माहितीचा थर बिघडला तर त्याला दुरुस्ती नाही. हार्ड ड्राइव्ह कमी टिकतो, पण त्याच्यावरची फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर जशीच्या तशी नेता येते आणि ही साखळी कितीही लांबवता येते, अट एवढीच की प्रत्येक कडी वेळेवर जोडली गेली पाहिजे. म्हणून एकाच ड्राइव्हवरची प्रत म्हणजे वापरायची सोय, आणि दोन ड्राइव्हवर, शक्यतो दोन जागी ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. हा फरक न केल्यामुळे डिस्क विकून टाकून एकाच ड्राइव्हवर भरवसा ठेवणाऱ्यांचे संग्रह नाहीसे होतात.

प्रत काढण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. डिस्क आधी मऊ, कोरड्या कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे पुसायची असते. गोल फिरवत पुसले तर पडणारा बारीक ओरखडा माहितीच्या मार्गाला समांतर जातो आणि सलग बरेच सेक्टर बिघडवतो. डीव्हीडीचा प्रत्येक सेक्टर २,०४८ बाइटचा असतो आणि ४.७ जीबीच्या एकपदरी डिस्कवर असे जवळजवळ २३ लाख सेक्टर असतात. वाचन सुरू झाले की संगणकाच्या पडद्यावरची पट्टी एका लयीत पुढे सरकते. ओरखडा आला की रायटरचा आवाज बदलतो. तो वेग कमी करतो, मागे जातो, तोच सेक्टर पुन्हा वाचू पाहतो. या क्षणी सॉफ्टवेअरने काय करायचे हे आधी ठरवून द्यावे लागते. काही प्रोग्रॅम थांबतात. काही मात्र न वाचलेल्या सेक्टरच्या जागी शून्ये भरून पुढे जातात आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा संदेश देतात. अशी फाइल आकाराने बरोबर असते, गेम सुरूही होतो, आणि बऱ्याच तासांनी एखाद्या प्रसंगापाशी पडदा गोठतो. तोवर मूळ डिस्क विकलेली असेल तर उपाय उरत नाही.

ग्रंथपाल: म्हणूनच पडताळणी नसलेली प्रत मी प्रत मानत नाही. एकच डिस्क दोन वेगळ्या रायटरवर वाचा आणि दोन्ही फायलींचा एसएचए-१ हॅश काढा. हॅश म्हणजे सगळ्या फाइलवर गणित करून निघालेला ठरावीक लांबीचा आकडा. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी हा आकडा पूर्ण बदलतो. दोन्ही आकडे जुळले, तर वाचन बरोबर झाले असे धरता येते.

तंत्रज्ञ: त्याच्या पुढचीही सोय आहे. ‘रिडम्प’ नावाच्या प्रकल्पात जगभरच्या संग्राहकांनी आपापल्या डिस्क वाचून त्यांचे हॅश नोंदवून ठेवलेत. गेम तिथे मिळत नाही, फक्त आकडे मिळतात. आपला आकडा तिथल्या नोंदीशी जुळला, म्हणजे दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी डिस्कमधून तीच माहिती निघाली. मात्र डिस्कचा अनुक्रमांक पाहून जुळवावे लागते. एकाच गेमच्या युरोपी, अमेरिकी आणि जपानी आवृत्त्या वेगळ्या असतात. भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या डिस्क युरोपसारख्याच ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या होत्या.

हा अनुक्रमांक डिस्कच्या आतही लिहिलेला असतो. आयएसओ फाइल उघडली की मुळाशी ‘सिस्टम डॉट सीएनएफ’ नावाची छोटीशी मजकूर-फाइल दिसते. तिच्यात मोजून तीन-चार ओळी. पहिल्याच ओळीत कन्सोलने कोणती फाइल चालवायची ते सांगितलेले असते आणि त्या फाइलचे नाव म्हणजेच डिस्कचा अनुक्रमांक: चार अक्षरे आणि पाच अंक. ड्राइव्हवर आयएसओ ठेवताना तिच्या नावात हा क्रमांक घालण्याची पद्धत पडली आहे ती उपयोगाची आहे. डबी हरवली, छापील चित्र पुसले गेले, तरी फाइल कोणत्या डिस्कची हे कळते.

काही मोठ्या गेमसाठी ८.५ जीबीची दुपदरी डीव्हीडी वापरली गेली. ‘ग्रॅन टुरिस्मो ४’ आणि २००७ चा ‘गॉड ऑफ वॉर २’ ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे. अशा डिस्कचे दोन्ही थर एकाच फाइलमध्ये आले आहेत की नाही, हे फाइलच्या आकारावरून लगेच कळते. बऱ्याच गेममध्ये नुसती भरताडाची माहितीही असते. फिरत्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला वाचन जलद होते, म्हणून महत्त्वाच्या फायली कडेला ढकलण्यासाठी मधली जागा निरुपयोगी माहितीने भरली जाई. ही माहिती काढून टाकून फाइल लहान करण्याचा मोह होतो. जतनासाठी ते चुकीचे आहे, कारण मग हॅश कशाशीच जुळत नाही. जागा वाचवायचीच असेल तर न गमावता दाबणारे स्वरूप वापरावे, ज्यातून मूळ फाइल बिट न् बिट परत मिळवता येते.

फाइल तयार झाली की प्रश्न येतो तो ड्राइव्ह कन्सोलला जोडण्याचा. इथे या यंत्राचे वय आडवे येते.

तंत्रज्ञ: गिऱ्हाइकांना वाटते, नवा यूएसबी ड्राइव्ह आणला, कन्सोलच्या समोरच्या खाचेत लावला, की काम झाले. ती खाच यूएसबी १.१ ची आहे. तिचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपास. कन्सोलचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह चौपट वेगाचा, सेकंदाला पाच एमबीच्या वर वाचणारा. म्हणजे हजारो रुपयांचा नवा ड्राइव्ह जुन्या डिस्कपेक्षा हळू चालतो. गेम खेळता येतो, पण मधल्या चित्रफिती अडखळतात, आवाज तुटतो. दुसरी अडचण स्वरूपाची. ड्राइव्हवरून गेम सुरू करून देणारे लोडर प्रोग्रॅम मुख्यतः फॅट३२ स्वरूपाचा ड्राइव्ह ओळखत आले आहेत, आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. भरलेली डीव्हीडी त्याहून मोठी. म्हणून फाइलचे तुकडे करावे लागतात. त्यांतल्या ‘ओपन पीएस२ लोडर’च्या नव्या आवृत्त्यांत एक्सफॅट हे स्वरूप चालते, त्यामुळे तो त्रास गेला. वेगाचा गेला नाही.

ग्रंथपाल: मग उपाय?

तंत्रज्ञ: जुन्या, जाड कन्सोलच्या मागच्या बाजूला एक कप्पा आहे. त्यात नेटवर्क अॅडॉप्टर बसतो आणि अॅडॉप्टरला आयडीई हार्ड ड्राइव्ह जोडता येतो. त्या मार्गाने गेम डिस्कपेक्षाही लवकर उघडतो. २००४ मध्ये आलेल्या बारीक कन्सोलमध्ये हा कप्पाच नाही. तिथे मग नेटवर्कची तार. ड्राइव्ह संगणकाला किंवा राउटरला जोडायचा आणि कन्सोलने तारेवरून वाचायचे. यूएसबीच्या कितीतरी पट वेग मिळतो.

ग्रंथपाल: तो कप्पा कंपनीनेच दिला होता ना?

तंत्रज्ञ: कंपनीनेच. जपानमध्ये तर २००१ साली सोनीने या कन्सोलसाठी ४० जीबीचा बाहेरून जोडायचा हार्ड ड्राइव्ह विकला. ‘फायनल फँटसी ११’ हा गेम ड्राइव्हशिवाय चालतच नसे. अमेरिकेत २००४ मध्ये तो गेम ड्राइव्हसकट विकला गेला. म्हणजे ड्राइव्हवरून गेम चालवणे ही चोरवाट नाही, यंत्राच्या आराखड्यातच ती होती. पुढे मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर गेम ड्राइव्हवर उतरवायची सोय दिली. सोनीने २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ ला बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह जोडू दिला.

ग्रंथपाल: तुमचीच उदाहरणे नीट पाहा. एक्सबॉक्स ३६० वर गेम ड्राइव्हवर उतरवला तरी खेळताना डिस्क ट्रेमध्ये लागतेच. प्लेस्टेशन ४ वर डिस्कवरून घेतलेला गेम बाहेरच्या ड्राइव्हवर असला तरी डिस्क घातल्याशिवाय तो उघडत नाही. ड्राइव्ह वेगासाठी आहे, आणि गेम आपला आहे याचा पुरावा म्हणजे डिस्क, असा तो व्यवहार आहे. तुमच्या पद्धतीत डिस्क कपाटात राहते आणि कन्सोल तिच्याबद्दल विचारतच नाही.

हा मुद्दा वजनदार आहे, कारण यानंतरचा सगळा वाद दाराचा आहे. ड्राइव्हवरचा गेम चालवायचा म्हणजे कन्सोलची खुणा तपासण्याची पायरी टाळावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत त्यासाठी मदरबोर्डवर चिप बसवली जाई. तिच्या तारा केसासारख्या बारीक, आणि डाग चुकला तर कन्सोल कायमचा बंद. नंतर मेमरी कार्डवरून स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू करण्याची ‘फ्री एमसी बूट’ ही पद्धत आली. तिच्यासाठी कन्सोल उघडावाही लागत नाही. शेवटच्या काळातल्या बारीक कन्सोलवर ती चालत नाही. २०२० मध्ये कन्सोलच्या डीव्हीडी चित्रपट दाखवणाऱ्या भागातली त्रुटी वापरणारी आणखी एक वाट सापडली.

ग्रंथपाल: अमेरिकेत ही पायरी टाळणे हेच बहुतेक वेळा बेकायदेशीर ठरते. १९९८ च्या त्यांच्या कायद्यात तांत्रिक कुलूप तोडण्याला स्वतंत्र बंदी आहे. गेम तुमचा असला, हेतू स्वच्छ असला, तरी नुसत्या हेतूच्या बळावर सूट मिळत नाही. ठरावीक सवलती दर तीन वर्षांनी मागून घ्याव्या लागतात.

तंत्रज्ञ: आपला कायदा वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ सांगते की हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण टाळले तर शिक्षा. हेतू महत्त्वाचा आहे. आणि कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये ‘एए’ नावाचा उपखंड आहे. संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ताब्यात असलेला माणूस ती हरवू नये, नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप घेऊ शकतो. माझ्याकडे विकत घेतलेली डिस्क आहे. तिची प्रत काढली, तर कुणाच्या हक्काचे उल्लंघन झाले? उल्लंघन नाही तर तसा हेतूही नाही.

ग्रंथपाल: तो उपखंड पूर्ण वाचा. बॅकअप ‘निव्वळ तात्पुरते संरक्षण’ म्हणून घ्यायचा आहे. मूळ डिस्क निरोगी असताना कायम ड्राइव्हवरूनच खेळणे यात बसते का, हा प्रश्न आहे. दुसरे, गेम म्हणजे नुसता प्रोग्रॅम नाही. त्यात संगीत आहे, चित्रफिती आहेत, नटांचे आवाज आहेत. प्रोग्रॅमची सवलत त्या सगळ्यांना लागू होते, असे तुम्ही गृहीत धरता.

तंत्रज्ञ: पहिल्याचे उत्तर त्याच कलमातल्या ‘एडी’ उपखंडात आहे. वैयक्तिकरीत्या कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून व्यापारी नसलेल्या, वैयक्तिक वापरासाठी प्रोग्रॅमची प्रत करायला तो परवानगी देतो. तिथे तात्पुरतेपणाची अट नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘ए’ उपखंडात. संगणक प्रोग्रॅम सोडून इतर कोणत्याही कृतीचा खासगी वापरासाठी उचित उपयोग त्यात मान्य आहे. संगीत आणि चित्रफिती तिथे येतात. दोन्ही उपखंड शेजारी ठेवले की गेमचा कोणताही भाग बाहेर राहत नाही.

ग्रंथपाल: युक्तिवाद चांगला आहे, पण तो घरी बसलेल्या मालकासाठी आहे, तुमच्या दुकानासाठी नाही. तुम्ही गिऱ्हाइकाचा कन्सोल पैसे घेऊन बदलता. ६५अ मध्येच म्हटले आहे की कायद्याने मना नसलेल्या कामासाठी संरक्षण टाळायला जो दुसऱ्याला मदत करतो, त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कशासाठी मदत केली, याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. अशी वही तुमच्या दुकानात आहे?

तंत्रज्ञ: नाही. आणि ती ठेवायला हवी, हे मान्य.

या देवाणघेवाणीतून जे हाती लागते ते असे. डिस्क वाचून आयएसओ काढण्यात कुलूप तोडण्याचा प्रश्न प्लेस्टेशन २ पुरता जवळजवळ येतच नाही, कारण तिथली माहिती सांकेतिक लिपीत नाही. प्लेस्टेशन ३ पासून ब्लू-रे डिस्कवरची माहितीच सांकेतिक झाली आणि तिथे प्रत काढण्याच्या पहिल्या पायरीपासूनच प्रश्न सुरू होतो. प्लेस्टेशन २ वर प्रश्न येतो तो प्रत चालवताना. तोही टाळायचा असेल तर कन्सोलला हात न लावता संगणकावर ‘पीसीएसएक्स२’ या एम्युलेटरमध्ये आयएसओ चालवता येते. प्लेस्टेशनचे अनुकरण करणारा प्रोग्रॅम बनवणे कायदेशीर आहे, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात दिला होता. मात्र या एम्युलेटरला बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम लागतो, तो सोनीच्या मालकीचा आहे, आणि तो आपल्याच कन्सोलमधून काढलेला असावा लागतो.

सगळ्यात अवघड भाग यापुढचा आहे.

ग्रंथपाल: तुम्ही विकत घेतलेल्या डिस्कबद्दल बोलता. पण तुमच्याकडे ड्राइव्ह भरून मागायला येणाऱ्यांच्या पिशवीत काय असते? आपल्याकडे या कन्सोलच्या काळात चिप बसवलेली यंत्रे आणि रस्त्यावर घेतलेल्या नकली डीव्हीडी सर्रास होत्या. त्या डिस्कची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. ‘एए’ काय किंवा ‘एडी’ काय, दोन्ही उपखंड कायदेशीर प्रतीपासूनच सुरू होतात. उलट नकली प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३ब मध्ये किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांचा दंड लिहिला आहे.

तंत्रज्ञ: त्यातल्या कितीतरी लोकांना अस्सल डिस्क परवडतच नव्हती, आणि लहान गावांत ती मिळतही नव्हती. पण तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि तांत्रिक बाजूनेही त्या डिस्क जपण्यासारख्या नाहीत. लिहिलेल्या डीव्हीडीत खड्डे नसतात, लेसरने बदललेला रंगाचा थर असतो. उन्हात, उष्णतेत तो उडतो. वर त्यावरच्या गेममध्ये कधी चित्रफिती कापलेल्या असतात, कधी दुपदरी गेम एका पदरात बसवण्यासाठी फायली गाळलेल्या असतात. मी त्यांचा हॅश काढून पाहिला आहे. कशाशीच जुळत नाही.

ग्रंथपाल: आणि अस्सल डिस्क ड्राइव्हवर घेऊन मग विकून टाकणारे?

तंत्रज्ञ: डिस्क गेली की ताबा गेला. प्रत पुसायला हवी. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. मित्राला ड्राइव्ह भरून देणेही त्यातच आले. तो वैयक्तिक वापर राहत नाही.

ग्रंथपालाची बाजू इथपर्यंत सरस ठरते. भारतात तयार झालेल्या गेमचा विषय निघतो तेव्हा मात्र पारडे फिरते. सोनी आपले काही जुने गेम नव्या कन्सोलवर पुन्हा विकते, आणि भारतात प्लेस्टेशन प्लसच्या डिलक्स वर्गणीत जुन्या गेमची एक यादी मिळते. गाजलेल्या गेमपुरते हे ठीक आहे. पण प्लेस्टेशन २ च्या शेवटच्या वर्षांत भारतात, भारतासाठी काही गेम बनले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये आला. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्राचा ‘देसी अड्डा’ आला. त्यात कबड्डी आणि विटीदांडू कन्सोलच्या कंट्रोलरवर खेळता येत. मुंबईच्या ट्राइनचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा. हे गेम फार उत्तम होते असे नाही. पण कन्सोलसाठी गेम बनवायला इथले लोक शिकत होते त्याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि तो डिस्कवर आहे.

तंत्रज्ञ: या डिस्क कोणत्या ग्रंथालयात आहेत, सांगा. पुस्तक छापले की १९५४ च्या कायद्याने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यावी लागते. पुढे वृत्तपत्रेही त्यात आली. गेम आले नाहीत. चित्रपटांसाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण ते स्थापन झाले १९६४ साली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याची पूर्ण प्रत आज नाही. संस्था उभी राहीपर्यंत थांबायचे, तर या गेमचेही तेच होईल. आज ते फक्त घराघरांतल्या कपाटांत आणि ड्राइव्हवर आहेत.

ग्रंथपाल: ग्रंथालयाने ठरवले तरी अडचण आहे, आणि ती मला तुमच्यापेक्षा जास्त टोचते. २०१२ च्या दुरुस्तीने ग्रंथालयांना जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवायची मुभा मिळाली. अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत आधीपासून असावी. जुने पुस्तक स्कॅन करता येते. गेमची डिस्क मुळातच डिजिटल, म्हणून ती या मुभेत बसत नाही. जी प्रत तुम्ही घरी काढू शकता, ती सार्वजनिक ग्रंथालय या उपखंडाच्या आधारे काढू शकत नाही.

तंत्रज्ञ: म्हणजे घरचा ड्राइव्ह हेच आज संग्रहालय.

ग्रंथपाल: संग्रहालय म्हणता येणार नाही, कारण त्याचे दार कुणालाही उघडता येत नाही. तुम्ही ‘देसी अड्डा’ची प्रत अभ्यासकाला दिलीत की तुमचा वैयक्तिक वापर संपला. गेममधल्या दृक्श्राव्य भागाला चित्रपटाचा नियम लावला तर २००९ च्या गेमचा हक्क २०६९ च्या अखेरीपर्यंत चालतो. तोवर तुमचा ड्राइव्ह कितीदा बदलावा लागेल?

तंत्रज्ञ: पाच वर्षांनी एकदा धरला तरी बरेचदा. म्हणून तर कायदा आत्ता बदलायला हवा. त्या उपखंडातला ‘डिजिटल नसलेली’ एवढा शब्द काढला तरी ग्रंथालयांना काम सुरू करता येईल.

ग्रंथपाल: ती मागणी मीही करीन. पण कायदा बदलेपर्यंत गेम वाटत सुटा, याला माझी संमती नाही. हक्क कुणाकडे आहे हेच कळत नाही अशा गेमच्या बाबतीतही नाही.

तंत्रज्ञ: माझे मत वेगळे आहे. बंद पडलेल्या स्टुडिओचा गेम अभ्यासकाला दाखवल्याने कुणाचे नुकसान होत नाही.

यावर दोघांचे एकमत होत नाही. ज्यावर होते ते काम आजही करता येण्यासारखे आहे. हॅश म्हणजे गेमची प्रत नव्हे. तो जाहीर करायला कुणाची परवानगी लागत नाही. अनुक्रमांक, डिस्कची आवृत्ती, फाइलचा आकार, वाचलेल्या सेक्टरची संख्या आणि हॅश, एवढी नोंद भारतीय गेमच्या प्रत्येक मूळ डिस्कसाठी केली, तर पुढे कुठेही प्रत सापडली तरी ती खरी आणि पूर्ण आहे का हे ठरवता येईल. डिस्क विकताना, देणगी देताना किंवा वारसाकडे जाताना प्रत तिच्याबरोबरच गेली पाहिजे, म्हणजे ताबा आणि बॅकअप एकाच हाती राहतात. संग्रहाच्या खोक्यात मूळ डिस्क, तिची पुस्तिका आणि ड्राइव्ह असावा. सोबत एका कागदावर अनुक्रमांक, हॅश, प्रत काढल्याची तारीख, ड्राइव्ह शेवटचा तपासल्याची तारीख आणि दुसरा ड्राइव्ह कुठे ठेवला आहे, हे शाईने लिहिलेले असावे.